ढोलवाल्या अस्वलाची वाट

ढब्बू दीड वर्षाचा झाला, तरी साधं ‘आई’सुद्धा म्हणत नव्हता. “आमच्याकडे सगळे उशिरा बोलतात. मी तीन वर्षं गप्प होतो,” बाबा सांगायचे. “त्याची भरपाई चाललीय का आता?” आई विचारायची. पण त्याला ऐकू येतं का, हे विचारायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी त्याच्या ताईनं तपासणीसाठी घर डोक्यावर घेतलं आणि सगळी वरात कानाच्या दवाखान्यात पोचली.

आईला सर्दी झालेली; एक शिंक आली की तपासणीचे बारा वाजणार. म्हणून आवाजबंद खोलीत ढब्बूला मांडीवर घेऊन ताई बसली. काचेपलीकडच्या तपासणीच्या बाई कधी डावीकडून, कधी उजवीकडून आवाज सोडणार. ढब्बूनं बरोबर मान वळवली की बटण दाबणार, आणि त्या बाजूच्या पेटीतलं अस्वल उजळून ढोल बडवणार.

पहिला आवाज. ढब्बू वळला. ढोल! दुसरा. पुन्हा ढोल! ताई हवेत तरंगायला लागली.

इतक्यात बाई आत आल्या. “परीक्षा कुणाची आहे गं?”

“ढब्बूची.”

“मग उत्तरं तुझा गुडघा का देतोय? आवाज आला की त्या बाजूचा उडतो.”

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. घरी बाबा गुपचूप मागून टाळ्या वाजवायचे, तेव्हाही ढब्बू हिच्याच मांडीवर असायचा. आणि दर वेळी पास!

बाईंनी तिच्या कानांवर हेडफोन चढवून मोठ्यानं गाणी लावली. आता आवाज कधी येतोय, तिलाही कळेना. तिनं पाय दगडासारखे घट्ट धरले आणि अस्वलांकडे डोळे लावले.

दोन्ही अस्वलं ढिम्म. बराच वेळ ढिम्म.

आणि मग ढब्बूची मान वळली. आपली आपण! त्या बाजूच्या अस्वलानं ढोल बडवला. मग दुसऱ्या बाजूच्यानंही बडवला.

आणखी एक यंत्र ढब्बूच्या कानाला लावून झाल्यावर बाईंनी सगळ्यांना बसवलं. “मोठे आवाज कळतात, हळू आवाज पोचत नाहीत. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं दिसतंय. यावर उपचार आहेत, डॉक्टर सांगतील. तोवर समोर बसून, स्पष्ट बोला.”

आईनं डोळे पुसले. बाबांनी विचारलं, “म्हणजे बोलेल ना तो?”

“त्याच्यावर लक्ष ठेवू. पण घरात त्याला मध्ये बोलायला जागा आहे का?”

ताईनं बाबांकडे पाहिलं. बाबा चक्क गप्प बसले. तिनं ढब्बूला समोर धरलं आणि दवाखाना दणाणेल अशा आवाजात म्हणाली, “मी ताई!”

ढब्बू तिच्या तोंडाकडे बघत खुदकन हसला.