बारा मिनिटांचं पाणी

“ताई, आज नवशाच्या वाडीचा मेसेज नाय आला,” व्हॉल्व्हमन चांगो कचेरीच्या दारातूनच म्हणाला. व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी त्याच्या खांद्यावर तशीच होती.

नम्रताने नव्या सर्व्हरवरची यादी वरून खाली पुन्हा वाचली. सात गावं, सातांच्या ठरलेल्या वेळा. “नवशाची वाडी यात नाहीच, चांगोकाका.”

“नाय? मग धा वर्सं रोज सकाळी मी कुनाचा व्हॉल्व्ह खोलतोय? भुताचा?”

“मग आजही खोलायचा ना.”

“मेसेज नाय तर चावी फिरवायची नाय, हे दादांनीच शिकवलं. एकदा मनानं फिरवली तर पंधरा दिस बोलले नव्हते माज्याशी.” त्याने चावी भिंतीला टेकवली. “वाडीतली बायजा हंडा घेऊन नदीवर गेली. मला बघून तोंड फिरवलं तिनं.”

खालापूर तालुक्यातल्या या सात गावांच्या पाणीयोजनेवर नम्रताचे बाबा दशरथ, गावाचे दादा, पंप ऑपरेटर म्हणून लागले होते. चाळिशी उलटल्यावर खोपोलीला संध्याकाळच्या क्लासला जाऊन ते संगणक शिकले, आणि कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा, हे व्हॉल्व्हमनच्या मोबाईलवर पाठवणारी व्यवस्था त्यांनी एकहाती उभी केली. फाल्गुनात ते गेले. पाठोपाठ तालुक्याहून पत्र आलं. ज्या सॉफ्टवेअरवर हा सर्व्हर उभा होता, ते बनवणाऱ्यांनी त्याच्या दुरुस्त्या देणं केव्हाच थांबवलं होतं. असली जुनी यंत्रं महिनाअखेर नेटवरून काढणार होते. नम्रता ठाण्याला जुन्या यंत्रांवरचं सगळं नव्यावर हलवण्याचंच काम करायची. योजनेचा सचिव, नवीन त्याचं नाव, तिला म्हणाला, “दादांचं काम हाय. तुमीच करा, दुसऱ्या कुनाचा हात नको.”

तिने आठवड्याची रजा काढली. कपाटात एक सीडी मिळाली, वर बाबांच्या अक्षरात ‘मूळ प्रत’. त्यावरून तिने सगळं नव्या यंत्रावर चढवलं, फायलींच्या माथ्यावरची, नव्या यंत्राला न कळणारी जुनी नावं एकेक करून बदलली, आणि काल संध्याकाळी जुनं यंत्र बंद केलं. आज पहाटे सातही मेसेज वेळेवर गेले. घरी आई खूश होती. “पानी थांबलंच नाय गं आज! पिंप भरून वाहिलं. तुजं मशीन भारी निघालं.”

आता तिने जुनं यंत्र पुन्हा चालू केलं. पंखा खरखरत फिरू लागला. ऑफिसात नव्या पोरांना ती पहिल्या दिवशीच सांगायची, कपाटातल्या प्रतीवर विसंबू नका, चालत्या यंत्राशी ताडून बघा. इथे तिने ताडलं नव्हतं. मूळ प्रत म्हणजे मूळ प्रत, बाबांचं अक्षर होतं ना वर.

फरक निघाला तो सहा ओळींचा. बाबांनी त्या थेट चालत्या यंत्रावरच घातल्या होत्या. एका गावाच्या पन्नास मिनिटांतून बारा कापायची आणि ती आठव्या, नवशाच्या वाडीच्या व्हॉल्व्हला द्यायची. ज्याची कापली ते गाव त्यांचं स्वतःचं होतं.

आईची रोजची कुरकुर तिला आठवली. शेवटचा हंडा अर्धाच राहायचा. “सगळ्यांना पानी पोचवतात आन् घरचा हंडा अर्धा!” बाबा भाकरीवरून मान वर न करता म्हणायचे, “प्रेशर कमी हाय.” आणि ती स्वतः कॉलेजला निघायची तेव्हा घरात बादलीभर पाण्यावरून भांडण असायचं.

सचिव नवीन आला. स्क्रीनवर वाकून त्याने सगळं पाहिलं.

“दादा पन ना...” तो खुर्चीत बसला. “ताई, वाडी जंगलाच्या जमिनीवर हाय. कागदावर नाय. जुन्यातलं कुनाला दिसत नव्हतं. नव्याची यादी तालुक्याला दिसते. उद्या कोन बोललं तर?”

“लपवून घालता येईल. बाबांसारखं.”

“मग घाला की! तेच म्हनतोय मी.”

“पाच-सात वर्षांनी हेही यंत्र जुनं होईल, नवीन. तेव्हा मी नसेन. जो कोणी येईल तो यादी बघेल, सात गावं मोजेल आणि पुढे जाईल. मी बाबांची मुलगी असून तेच केलं.”

चांगो भिंतीला टेकून ऐकत होता.

“तालुक्याचे तपासनीला आले तर सही तुमची दिसंल,” नवीन शेवटी म्हणाला.

“दिसू दे.”

तिने आठवी ओळ लिहिली. नवशाची वाडी, तीस घरं, बारा मिनिटं. वेळ कुठून घेतली त्या रकान्यात स्वतःच्या गावाचं नाव घातलं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं, मधे बाबांच्या नावासकट. चांगोच्या खिशात मोबाईल वाजला. त्याने चष्मा चढवून वाचलं, चावी उचलली आणि वाडीच्या वाटेला लागला.

जुनं यंत्र तिने स्वतः बंद केलं. खरखर थांबायला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आईजवळ उभी होती. नळाची धार बारीक झाली, मग थेंब, मग नुसती हवा. शेवटचा हंडा अर्धा.

“झालं!” आई म्हणाली. “तुजं मशीन पन त्यांच्यावरच गेलं बघ.”

“प्रेशर कमी आहे,” नम्रता म्हणाली.

आईने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग अर्धा हंडा कमरेवर घेतला आणि नळाखाली तसाच राहिलेला रिकामा तांब्या उचलून आत गेली.