मानेपुरतं

चादरीला पिन होती. साधी, घरातली सेफ्टी पिन, टोकाशी जराशी गंजलेली. बाईंनी ती पाठीवरच्या चादरीतून आतल्या कपड्यात अडकवली होती, आणि मालिशच्या टेबलावर पालथ्या पडून त्या श्वास धरून होत्या. तिनं तळव्यावर तेल घेतलं, चोळलं, आणि हात तसेच अधांतरी राहिले... असं पिन लावून कुणी झोपतं का?

बाई शाळेत शिकवायच्या. मान धरते म्हणून याआधी एकदाच आल्या होत्या, तेव्हा तिच्या दादाकडे; मालिशचं काम ही दोघं भावंडं मिळून करायची. आज दारातच म्हणाल्या, ताई असतील तरच.

"हात ठेवू का?"

"ठेवा. पण मानेपुरतं."

बोटं मानेवरून खांद्याकडे उतरली तशी सगळी पाठ आक्रसली. दुखऱ्या अंगाचं आक्रसणं वेगळं असतं आणि भ्यालेल्या अंगाचं वेगळं, हे तिला दादानंच शिकवलेलं. नवऱ्यानं सोडल्यावर ती माहेरी आली, तेव्हा आईच्या पाठीवर तिचे हात धरून त्यानं एकेक गोष्ट दाखवली होती — आधी विचारायचं, लागेल तेवढंच उघडं करायचं, अंग दुसऱ्याचं असतं... तो हे मनापासून बोलला होता. मग तो कधी बदलला — की तेव्हाही —

तिनं हात उचलले.

"बाई, मागच्या वेळी काही झालं का?"

जमिनीशी बोलल्यासारखा आवाज आला.

"मला वाटलं, असंच करत असतील. घरी गेल्यावर कळलं, असं नसतं."

"नसतं. तुम्ही तक्रार केलीत तर मी तुमच्या बाजूनं बोलेन."

बाई उठून बसल्या. चादर गळ्यापर्यंत ओढून त्यांनी विचारलं, "ते तुमचे सख्खे भाऊ ना?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मग बाईंनी आपले कपडे मागितले.

बाई गेल्यावर ती पलीकडच्या खोलीत आली. दादा टॉवेलांच्या घड्या घालत होता.

"दादा, मानेच्या दुखण्याला चादर किती खाली घ्यायची?"

त्याचे हात थांबले नाहीत. "आता तू मला शिकवणार? लोकांचं ऐकत बसलीस तर दोघं रस्त्यावर येऊ."

कोण लोक, त्यानं विचारलं नाही. कुठल्या बाई, काय म्हणाल्या, काहीच नाही. तो चिडला असता, आईची शपथ घेतली असती, तर तिनं विश्वास ठेवला असता... लगेच, आनंदानं. समोर नावं लिहून घ्यायला बसणारी मुलगी न सांगता यायची बंद झाली, तेव्हा ठेवलाच होता की.

"पुढच्या बाई आल्यात," तो म्हणाला. "मी घेतो."

"नको. मी घेते."

"बरं. आणि त्यांच्यानंतरच्या?"

तिनं तेलाची बाटली उचलली. हे खरं असेल, ही भीती आता उरली नव्हती. तिच्या जागी दुसरीच भीती येऊन बसली होती — की सगळं माहीत असून उद्या सकाळी आपण येऊ, दार उघडू, त्याच्यापुढे चहा ठेवू... आणि हळूहळू ते जमायलाही लागेल.