जे जे ऐकू येईल

कक्ष अधिकारी टेबलावरच्या चालू माईकवरून उपसंचालकांच्या कानाशी झुकून कुजबुजले आणि दुभाषी बाईंनी ती कुजबुज जशीच्या तशी हातांवर उतरवली.

"लवकर आटपू या, साहेब. यांना काय, कुठंही बसवलं तरी चालतं."

समोरच्या मुलांचे डोळे बाईंच्या हातांवरून उठले आणि एकदमच कक्ष अधिकाऱ्यांवर खिळले. कक्ष अधिकारी पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि आपल्या मागे भिंतीवर काही आहे का, ते वळून पाहिले. भिंत कोरी होती.

बैठक शिक्षण खात्याच्या सभागृहात भरली होती. विषय होता अंध आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक सेवांची सुधारणा. सुधारणा अशी, की दोघांच्या वेगवेगळ्या शाळा बंद करून येत्या वर्षापासून दोन्हींकडची मुले एका इमारतीत, एका वर्गात, एका शिक्षकाच्या हाती द्यायची. ज्याला दिसत नाही तो आणि ज्याला ऐकू येत नाही तो, अशा दोघांची बेरीज केली की एक धडधाकट विद्यार्थी तयार होतो, असे काहीसे गणित या योजनेच्या मुळाशी असावे. ते कोणी मांडून दाखवले नव्हते. खुणांच्या भाषेत शिकवणारी एकच शिक्षिका कर्णबधिर शाळेत होती आणि नव्या वर्गात तिला जागा नव्हती. मात्र मुलांची संमती घेतल्याशिवाय योजना वर पाठवता येत नव्हती, म्हणून दहावीला जाणारी मुले बोलावली होती. कर्णबधिर मुले खिडकीच्या बाजूला, अंध मुले दाराच्या बाजूला, आणि मधोमध, तोंडावर उजेड पडेल अशा बेताने, गडद साध्या कपड्यांतल्या दुभाषी बाई.

"बाई," कक्ष अधिकारी म्हणाले, "ही मुलं माझ्याकडं अशी का बघतायत?"

बाईंनी आधी हे वाक्य हातांनी मुलांना सांगितले, मग उत्तर दिले.

"तुम्ही साहेबांना जे म्हणालात ते त्यांना कळलं, म्हणून."

"ते त्यांच्यासाठी नव्हतं."

बाईंचे हात हलले.

"आता काय सांगितलंत?"

"ते त्यांच्यासाठी नव्हतं, असं तुम्ही म्हणालात, ते."

अंध मुलांच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसले. बाईंनी ते हसणेही पलीकडे पोचवले, आणि मग खिडकीच्या बाजूलाही हसू पसरले. कक्ष अधिकाऱ्यांनी तोंड उघडले, बाईंच्या तयार हातांकडे पाहिले आणि परत मिटले.

खिडकीच्या बाजूच्या पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. तिच्या शाळेत सगळे तिला भुवई म्हणत. हे नाव बोलायचे नव्हते. ते एका बोटाने कपाळावर काढायचे, आणि वर्गात कोणाच्या बोलण्यावर विश्वास बसला नाही की तिची डावी भुवई जशी वर चढे, तसेच ते वर चढत जाई. ती हातांनी बोलू लागली आणि बाईंनी तिच्या वतीने, 'मी' म्हणत, आवाज दिला.

"मला कुठंही बसवलं तर चालत नाही. मला खिडकीकडं पाठ करून बसवलं तर शिकवणाऱ्याच्या तोंडावर उजेड येतो आणि मला दिसतं. तोंड खिडकीकडं केलं तर शिकवणारा नुसता काळा दिसतो. हे सरांना विचारा."

सर म्हणजे कर्णबधिर शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी मान डोलावली, पण कोणत्या बाजूने, ते सांगणे कठीण होते.

उपसंचालक सौम्य गृहस्थ होते. आवाज चढवणे त्यांना असंस्कृत वाटे. त्यांनी पेनाला टोपण लावले.

"बाई, तुमचं काम छानच आहे. फक्त जरा तारतम्य ठेवा. बोलण्याचा आशय पोचवा. आपसातलं बोलणं सोडून द्या."

हेही सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, "साहेब, खोलीत ज्याला ऐकू येतं त्याला जे जे ऐकू येईल, ते ज्याला येत नाही त्याला दिसलं पाहिजे. काय सोडायचं ते मी ठरवायला लागले, तर ही मुलं बैठकीला आली असं म्हणता येणार नाही. ती मला भेटायला आली, एवढंच होईल."

"तुमचं नाव आमच्या दुभाष्यांच्या यादीवर आहे, ना?"

"आहे."

"ते तिथं राहावं, असं वाटतं?"

बाईंनी हा प्रश्नही हातांनी मुलांना सांगितला. बोटे किंचित अडखळली, पण सांगितला.

बाईंच्या आईला ऐकू येत नसे. घरात सगळे हसत असले की ती शेजारच्याची बाही ओढून विचारायची, काय झालं? आणि काकू, आत्या, मामा, जो कोणी शेजारी असेल तो हवेत हात झटकून सांगायचा: मग सांगतो. ही सगळी प्रेमळ माणसे होती. आईला कोणी कधी वाकडा शब्द बोलले नाही. सरळही फारसे कोणी बोलले नाही. तिच्या लग्नाची, तिच्या घराच्या विक्रीची, तिच्या शेवटच्या आजाराचीही बोलणी तिच्यासमोर, तिच्या डोक्यावरून झाली होती.

"वाटतं," बाई म्हणाल्या. "पण नाव ठेवण्यासाठी नियम काढून ठेवावा लागणार असेल, तर नाव काढा."

उपसंचालकांनी उसासा टाकला.

"मग तुम्ही सांगणं थांबवलंत तरी चालेल. बसा तिकडं. बैठक आम्ही पुढं नेतो."

बाईंनी त्यांचे हे वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत मुलांना सांगितले. मग हात खाली घेतले, भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि हात मांडीवर एकमेकांत अडकवले. असे केले नाही तर ते आपोआप चालू लागतात, हे त्यांना ठाऊक होते.

बैठक पुढे गेली. उपसंचालक योजनेचे फायदे सांगत होते तेवढ्यात दाराच्या बाजूने एक मुलगी उभी राहिली. अंध शाळेच्या वसतिगृहात तिला वकीलबाई म्हणत. खानावळीपासून मुख्याध्यापकांपर्यंत तिने कोणाशी वाद घालायचे बाकी ठेवले नव्हते.

"साहेब, बाईंच्या बाह्यांचा आवाज बंद झालाय."

"म्हणजे?"

"त्या हातांनी बोलतात तेव्हा बाह्या सळसळतात. आता सळसळत नाहीत. मग पलीकडच्यांना कोण सांगतंय?"

"त्यांना सगळं नंतर लेखी मिळेल."

"बरं. आणि वर्गातही त्यांना नंतरच मिळणार?"

"नाही, नाही. वर्गात शिक्षक तुमच्यासाठी बोलतील आणि त्यांच्यासाठी फळ्यावर लिहितील. तीच तर सोय आहे."

वकीलबाई बोटे मोजू लागली.

"लिहिताना त्यांचं तोंड फळ्याकडं असणार. म्हणजे त्या मुलांना ओठ दिसणार नाहीत. मुलांकडं वळले की लिहिणं थांबणार. आणि मधेच 'हे असं, इथून तिथं' म्हणत नुसतं बोट दाखवलं की आम्ही गेलो. नवे सर किती तोंडांचे घेणार आहात?"

"बैस, बाळ. हे सगळं तपशिलात पाहता येईल." उपसंचालक सावकाश म्हणाले. "ज्यांची योजनेला हरकत आहे त्यांनी हात वर करा."

दाराच्या बाजूचे सगळे हात वर गेले. खिडकीच्या बाजूचा एकही हात हलला नाही. तिथली मुले उपसंचालकांच्या ओठांकडे आणि मग एकमेकांकडे पाहत होती.

"लिहून घ्या," उपसंचालक कक्ष अधिकाऱ्यांना म्हणाले. "कर्णबधिर विद्यार्थ्यांची हरकत नाही."

भिंतीलगत दुभाषी बाईंची बोटे एकमेकांत इतकी रुतली की पेरे पांढरी पडली.

भुवईला शब्द कळला नव्हता. तिला उंचावलेले हात दिसले होते, आणि लिहिणारे पेन खिडकीच्या बाजूकडे पाहून हलले, हेही दिसले होते. ती उठली. मोठ्या टेबलाकडे तिने चक्क पाठ केली, आपल्या माणसांकडे तोंड केले, पाय जमिनीवर आपटून सगळ्यांचे लक्ष वेधले आणि हातांनी बोलू लागली.

ती झरझर बोलत होती. मुले पुढे झुकली. मागच्या रांगेतल्या एकाने मधेच काही विचारले, तिने उत्तर दिले. दुसऱ्याने जोरजोराने मान हलवली. मग सगळी एकदम हसली. सभागृहात पावलांच्या आपटण्याखेरीज काहीच ऐकू येत नव्हते आणि तरीही तिथे फार बोलणे चालले होते.

"काय म्हणतेय ती?" उपसंचालकांनी मुख्याध्यापकांना विचारले.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

"मला तसं 'बसा' येतं, साहेब. आणि 'गप्प'."

"बाई, तुम्ही सांगा."

"तुम्ही मला थांबवलंत, साहेब."

"बरं, आता पुन्हा सुरू करा."

बाई उठल्या, उजेडात आल्या. भुवईने मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिले. बाईंनी तिला हातांनी सांगितले: साहेबांना तुझं बोलणं ऐकायचं आहे. भुवईची डावी भुवई वर गेली. तिने एका हाताने छोटीशी खूण केली आणि परत मुलांकडे वळली.

"ती म्हणते," बाईंनी आवाज दिला, "मग सांगते."

कक्ष अधिकाऱ्यांचे पेन हवेत थांबले होते. उपसंचालक त्या पाठमोऱ्या मुलीकडे, तिच्या हलत्या कोपरांकडे पाहत राहिले. मुले पुन्हा हसली आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या कॉलरकडे गेला.

"साहेब," दाराच्या बाजूने वकीलबाईने अदबीने विचारले, "काय चाललंय?"

"कळत नाही," उपसंचालक म्हणाले.

"मग नवा वर्ग सुरू झाला म्हणायचा."

दुभाषी बाईंनी हे वाक्य खिडकीच्या बाजूला पोचवायला हात उचलले. पण तिकडे कोणाचीच नजर रिकामी नव्हती. त्या हात तसेच धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने उपसंचालकांनी टेबलावरचा माईक बंद केला, कक्ष अधिकाऱ्यांच्या हातातले पेन काढून घेतले आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत बसले.

भुवईने मागे वळून पाहिले नाही. तिचे बोलणे अजून बरेच व्हायचे होते.