कापलेला सायलेन्सर

बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर मी बेलवलीतल्या घराच्या अंगणात ग्राइंडरने वीतभर कापला, तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. म्हणजे अक्कल यायला पुरेसा. पाइप मोकळा केला की गाडी पळते, असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. आतली जाळीही उपटून फेकली.

किक मारली आणि अख्खी आळी बाहेर आली. मला वाटलं, कौतुकाने.

बायकोला, किर्तीला, मागे बसवून ऐटीत निघालो. पुलाच्या चढावर गाडी नुसतीच बोंबलत राहिली, पुढे सरकेना. किर्ती खाली उतरली आणि चालत माझ्या पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या हासानंद मेकॅनिककडे नेली.

"साहेब, टू-स्ट्रोकमध्ये बाहेर पळणारं पेट्रोल हा पाइपच परत आत ढकलतो," तो म्हणाला. "तुम्ही आवाज वाढवला आणि ताकद कापून टाकली. कापलेला तुकडा आहे का? वेल्डिंग मारून देतो."

"आहे," मी म्हणालो.

तो मी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मांडून ठेवलाय, हे काही सांगवलं नाही.