ज्या यादीत मी नव्हतो

मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पोटात, मागच्या बाजूला, तळहाताएवढी एक हिरवी पट्टी बसवलेली असते. तिला नेटवर्क कार्ड म्हणतात. तसलंच एक जुनं कार्ड मी. इंटरनेटची वायर माझ्यात खोचतात. वायरीतून आलेलं कॉम्प्युटरला द्यायचं, त्यानं दिलेलं बाहेर पाठवायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं लवू परबांचं तळमजल्यावरचं घर. त्यांच्या कॉम्प्युटरची मूळ जोडणी विजेच्या झटक्यानं जळाली, म्हणून मला आणून बसवलं. त्यांच्या लेकीचं, अक्षताचं, एम.एस्सी.चं वाचन माझ्यातूनच झालं. कधीकधी ती म्हणायची, "आज नेट मस्त चाललंय." कौतुक नेटचं व्हायचं. मी आत आहे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मग तिला एका प्रयोगशाळेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत व्हिडिओवर, स्वतःचे आलेख दाखवत द्यायची होती. दोन ठिकाणांहून नकार आले होते. आता एवढीच आशा होती. कॉम्प्युटर रखडायचा, म्हणून तिचा भाऊ सुबोध म्हणाला, "नवी सिस्टीम टाकतो. झकास पळेल बघ." मुलाखतीच्या दिवशीच सकाळी त्यानं जुनं सगळं पुसलं.

कॉम्प्युटर पळू लागला. पण आता तो मला ओळखेना.

मी जागेवरच होतो. वीज मिळत होती, वायरीतून हाका येत होत्या. ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोललो, त्याच्या लेखी मात्र माझी जागा रिकामी होती.

"नेट नाहीये," अक्षता म्हणाली.

"केबलवाल्याचा घोळ असणार." सुबोधनं राउटर बंद-चालू केला, वायर बदलली, शेवटी केबलवाल्या चंद्रप्रकाशला फोन लावला.

"इकडून सगळं चालू आहे रे," तो म्हणाला. "तूच काहीतरी करून ठेवलंयस."

"काय झाला गो?" लवूकाकांनी विचारलं.

"पप्पा, वाट लागली. तुमच्या लाडक्यानं कॉम्प्युटर धुऊन काढला!"

मोबाईलवर मुलाखत द्यावी, तर त्या खोलीत रेंज जेमतेम एक काडी. व्हिडिओ टिकला नसता. अक्षता कॉम्प्युटरच्या मागे वाकली आणि वायर खोचतात तिथल्या माझ्या इवल्या दिव्याकडे बघत राहिली.

"सुब्या, इथला दिवा पेटलाय. म्हणजे वायर ठीक आहे. बिघाड आतच आहे."

तिनं कॉम्प्युटरला जोडलेल्या भागांची यादी पडद्यावर उघडली. माझं नाव नव्हतं. होतं एक पिवळं चिन्ह आणि शेजारी शब्द: अनोळखी उपकरण. माझी ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर, पुसला गेला होता. तो मिळणार इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळणार माझ्यातून.

"म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच!" सुबोध हसला.

"हसतोस काय? टॉर्च धर."

तिनं झाकण उघडलं, माझ्यावरची धूळ फुंकली आणि अंगावरचा क्रमांक मोठ्यानं वाचला. इतक्या वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच वाचत होतं. सुबोध मोबाईल घेऊन गच्चीवर धावला. तिथं रेंज होती. फाईल उतरवून तो धापा टाकत आला आणि तिनं ती मोबाईलमधून कॉम्प्युटरमध्ये टाकली.

पिवळं चिन्ह गेलं. यादीत माझं नाव आलं.

मुलाखत एकदाही तुटली नाही. अक्षताला नोकरी लागली, ती हैदराबादला गेली. तिथं तिला लॅपटॉप मिळाला. इथं मला वायर लावणारं कुणी उरलं नाही.

परवा सुबोधनं हा कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं. फोनवर अक्षता त्याला सांगत होती, "त्या कार्डाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हमध्ये भरून सोबत दे हं. विसरू नको."

"हो गं," तो म्हणाला आणि खोक्याला चिकटपट्टी लावू लागला. पेन ड्राइव्ह आत ठेवल्याचा आवाज मी ऐकला नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू कुणाला देताना तिची ओळखही सोबत द्या. आणि नवी सिस्टीम टाकण्याआधी एकदा यादी उघडून बघा, आत कोण कोण आहे. आम्हाला आपलं नाव सांगता येत नाही. आम्ही फक्त दिवा लावून बसतो.