पिवळे तळवे

या हिवाळ्यात मला माझा आवाज सापडला. आधी मी वर्गात मान खाली घालून बसायची. जानेवारीत शाळेची वाचनस्पर्धा जिंकले आणि तेव्हापासून दुधाच्या पाकिटावरचा मजकूरही खणखणीत वाचते. आजी म्हणते, "मार्युत, आम्ही बहिरे नाही गं."

आजोबांना मात्र माझं वाचन आवडतं. शनिवारी सौनात वाफ घेऊन झाली की ते आणि शेजारचे उर्हो काका टॉवेल गुंडाळून ओसरीवर बसतात आणि पेपर मी वाचते. दोघेही कागद गिरणीतून निवृत्त, दोघांच्याही दिवसाला वीस सिगारेटी.

सहा वर्षं दोघं एका अभ्यासात होते. नर्सबाईंनी समजावलं होतं, सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात जीवनसत्त्वं कमी पडतात. ती वरून दिली तर फुप्फुसाचा कॅन्सर टळतो का ते बघायचंय. रोज एक गोळी. काहींची खरी, काहींची नुसती पिठाची, आणि कुणाची कुठली ते सांगायचं नाही. पण सौनाच्या वाफेत उघडं बसल्यावर काय लपतंय? खऱ्या गोळीत गाजरातलं सत्त्व होतं. वर्षभरात आजोबांचे तळवे पिवळे झाले, काकांचे पांढरेच राहिले.

"सरक रे पीठवाल्या," आजोबा त्यांना म्हणायचे, "माझा विमा उतरलाय."

ती गोळी रोज सकाळी कॉफीच्या कपाजवळ मी ठेवायची. एक दिवस चुकवला नाही.

गोळ्या गेल्या वर्षी संपल्या, रंगही उतरला. पण शरदापासून आजोबांना खोकला आहे, आणि आजीनं एक्स-रेचं नाव काढलं की ते अजून तळवेच दाखवतात. दोन तारखा अशाच गेल्या. तिसरी या मंगळवारची.

काल पेपरात त्या अभ्यासाचा निकाल होता. मी उभी राहूनच वाचला. "गाजरातलं सत्त्व घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण, न घेणाऱ्यांपेक्षा..." पुढे 'कमी' येणार म्हणून मी आवाज चढवून ठेवला होता. छापलं होतं 'जास्त'. चढलेल्या आवाजातच ते वाचलं गेलं.

सहा वर्षं चिडवून घेतलेल्या काकांनी आपले तळवे टॉवेलखाली घातले.

"पेपरवाले काहीही छापतात, ताइस्तो," ते आजोबांना म्हणाले.

"पुन्हा वाच," आजोबा मला म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. तोच शब्द होता. मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. शेगडीवरचं सॉसेज एका बाजूनं काळं झालं होतं, ते मी उलटलं.

"गोळी तूच द्यायचीस ना गं?"

"हो."

"कधी विसरली नाहीस."

बक्षीस मिळालं तेव्हा बोलले होते, तसंच बोलले. त्यांच्या बोटांतली सिगारेट न ओढताच टोकापर्यंत जळली होती. ती त्यांनी बर्फात खुपसली.

"मंगळवारची बस किती वाजता?"

"सात दहा."

"चल बरोबर. तिथल्या कागदांवर अक्षर बारीक असतं."

"मीपण येतो," काका म्हणाले.

"तुला काय झालंय?"

"काही नाही. बसायला येतो."

मंगळवारी पहिल्याच तासाला माझं भाषण आहे, सगळ्या शाळेसमोर. दोन आठवडे आरशापुढे पाठ करतेय. मी बरं म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. पुढे हवामान होतं. तेही वाचून दाखवलं.