वानोळ्याचा भाव

गार्गीच्या दोन्ही कानांना मशीन लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका कानाचे अठ्ठावीस हजार, दोन्हींचे छप्पन्न. घटस्फोटाच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, मुलीच्या दवाखान्याचा निम्मा खर्च वडील देतील. मी किशोरला मशीनच्या दुकानदारानं दिलेला खर्चाचा कागद पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. आठव्या दिवशी आलं: 'शनिवारी अकोल्याला ये. वकिलाकडे बसून हिशेब करू.'

हिशेब कसला? अर्धे द्यायचे, संपलं. पण मी जास्त ताणलं नाही. गार्गी सात वर्षांची आहे. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की तिला काही कळत नाही, मग ती शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. बाईंनी डायरीत शेरा मारला, 'कॉपी करते'. आणि डॉक्टर म्हणतात, उशीर केला तर बोलणंही मागं पडेल. माझ्या वाट्याचे पंधरा हजार मी जमवले होते. उरलेले तेरा अमरावतीचा दुकानदार हप्त्यानं घ्यायला तयार होता, पण किशोरचे अठ्ठावीस आधी हातात हवे.

जठारपेठेतल्या त्या ऑफिसात पंजाबराव वकिलांनीच आमचा घटस्फोट करून दिला होता. मी पोहोचले तेव्हा किशोर आधीच बसलेला. शेजारी त्याची आई, जमुनाबाई. तेल्हाऱ्याहून एवढ्या लांब त्यांना का आणलं असेल, हे मी खुर्चीवर बसेपर्यंत शोधत होते.

"कशी आहेस व माय? पोरगी कशी आहे?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, माझ्या पर्सकडे बघून.

"ऐकू येत नाही तिला, आई."

"उगी भेव दाखवू नको मायले," किशोर म्हणाला. "मी आवाज देतो त बरोबर धावत येते."

"तुम्ही शेवटचा आवाज कधी दिला?"

त्यानं वकिलांपुढे एक कागद सरकवला. दोन्ही बाजूंनी टाइप केलेला, तारीखवार. वकिलांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. तूर डाळ तीस किलो. गहू दोन क्विंटल. मूग, ज्वारी, शेंगदाणे. कैरीचं लोणचं, एक बरणी, चारशे रुपये.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि कानशिलं तापली.

तो वानोळा होता. नवं धान्य निघालं की त्यातलं थोडं लेकीबाळींना पाठवायचं, ही आपल्याकडची रीत. वानोळा मोजायचा नसतो, नाही म्हणायचा नसतो, आणि ज्या पिशवीतून आला ती रिकामी परत करायची नसते. घटस्फोट झाला त्या वर्षीही तेल्हाऱ्याच्या एसटीत पोतं आलं, तेव्हा मी फोन करून नको म्हटलं होतं. जमुनाबाई म्हणाल्या होत्या, "तुह्यं त्याच्याशी तुटलं. पोरीचं वावराशी थोडंच तुटलं व?" त्या दिवशी मी खूप रडले होते. मग दर वेळी पिशवीत चहापत्ती, त्यांच्या गुडघ्याचं तेल, एकदा लुगडंही घालून पाठवलं. त्यांच्याकडे साधा फोन, म्हणून पोहोचल्याचं किशोरला कळवायची. 'पोतं मिळालं.' सोबत फोटो, कारण एकदा पोतं वाटेत फुटलं होतं.

तेच फोटो त्यानं कागदाला जोडले होते. खाली माझा मेसेज, माझ्या नावानिशी.

"चौदा हजार दोनशे," वकील म्हणाले. "अठ्ठावीसमधून वजा केले त तेरा हजार आठशे."

"वकीलसाहेब, हा वानोळा आहे. याचा कोणी भाव लावतं का?"

"बाजारात लागते ना भाव," किशोर म्हणाला. "ते का झाडाले फुकट लागते? तू खाल्लं, पोरीनं खाल्लं. मले कावून भुर्दंड?"

"आईंनी पाठवलं होतं ते. विचारा त्यांना."

पंजाबराव जमुनाबाईंकडे वळले. "सांगा मावशी. कोणं पाठवलं?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. किशोर त्यांच्याकडे बघतही नव्हता, तो मोबाईल बघत होता. बघायची गरजच नव्हती. त्यांना आज त्याच्याच गाडीत बसून परत जायचं होतं, आणि त्याच्याच घरात राहायचं होतं.

"त्यानंच," त्या म्हणाल्या. "मी नुसतं बांधून दिलं."

लाजेची गोष्ट सांगते. त्या क्षणी मीही मनात भाव लावायला लागले. तेलाची बाटली एकशे नव्वद. लुगडं अकराशे. चहापत्ती आठ वेळा. बेरीज व्हायच्या आधीच थांबले, कारण ती घेऊन बोलले असते तर त्याच्यात आणि माझ्यात काय उरलं असतं?

वकिलांनी आवाज खाली आणला. "ताई, कोर्टात अर्ज केला त तुमीच जिंकसान. पण तारखा लागते. सहा महिने धरा, सालभर बी. आज सही केली त हे पैसे आत्ता येते."

सही म्हणजे, 'या खर्चाचा पूर्ण वाटा मिळाला' अशी.

पूर्ण. मी तो शब्द दोनदा वाचला. माझे पंधरा आणि त्याचे हे मिळून एक कान होत होता. अर्ज केला तर एकही नाही, वर्षभर नाही. मी सही केली. किशोरनं तिथंच बसून पैसे टाकले, आणि म्हणाला, "पाय मोबाईलात, आले का?"

निघताना जमुनाबाई दारापर्यंत आल्या. काहीतरी बोलणार होत्या. मी चपला घालायला वाकले ती त्या आत जाईपर्यंत वाकलेलीच राहिले.

सोमवारी गार्गीला घेऊन अमरावतीच्या दुकानात गेले. मशीन बसवणाऱ्या मुलीनं विचारलं, "एकच घ्यायची तर कोणत्या कानाची घेता? दोन्ही सारखेच आहेत, तुम्ही ठरवा."

मी काय ठरवणार? गार्गीसमोर उकिडवी बसले, तिला ओठ दिसतील अशी, आणि तिलाच विचारलं.

तिनं जराही विचार केला नाही. "उजव्या. वर्गात माझ्या डाव्या बाजूला भिंत आहे."